खाडीपलीकडची वीज

गेल्या रमजान ईदला आम्ही सगळे डोंबिवलीला माझ्या धाकट्या बहिणीकडे जमलो होतो. शिरखुर्मा झाला, लहान मुलांची ईदी वाटून झाली, आणि मग नेहमीप्रमाणे मोबाइलवरच्या बातम्यांवरून मोठ्या मुलांची जुंपली. एक भाचा म्हणाला, "जगात कुठंही आग लागू दे, काडी अमेरिकेचीच असते." दुसरा भाचा ठाण्याला एका अमेरिकन बँकेच्या ऑफिसात कामाला आहे. तो म्हणाला, "आग दुसऱ्यांकडे लागली असेल. आपलं काय बिघडवलंय अमेरिकेनं? या फ्लॅटचा हप्ता त्यांच्याच पगारातून जातो." आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "खाला, तू एवढी वर्षं इतिहास शिकवलास. तूच सांग. तिकडचं नको सांगू, आपल्याकडचं सांग."

कल्याणच्या शाळेत मी एकतीस वर्षं इतिहास आणि मराठी शिकवलं. साम्राज्यवाद म्हटलं की फळ्यावर लिहायची चार कारणं मला तोंडपाठ आहेत: कच्चा माल, बाजारपेठ, भांडवल, आरमार. पण त्या दुपारी ती कारणं काही तोंडातून निघाली नाहीत. मला अब्बांची वही आठवली.

अब्बा वीज मंडळात लाइनमन होते. सगळी नोकरी कल्याण, उल्हासनगर आणि मुरबाडच्या बाजूला गेली. पावसाळ्यात रात्री-बेरात्री कुणीतरी दार ठोठवायचं आणि अब्बा रेनकोट चढवून निघायचे. दूध नाक्यापासून रेतीबंदरापर्यंत लोक त्यांना वायरमन चाचा म्हणत. वीज मंडळ त्यांच्या लेखी घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखं होतं. त्याच्याबद्दल वाकडा शब्द काढलेला त्यांना खपत नसे. त्यांच्याकडे मीटर रीडिंगची एक जुनी, कोरी राहिलेली लांबट वही होती. १९९२च्या जूनपासून त्यांनी तिच्यात वर्तमानपत्रातली कात्रणं चिकटवायला सुरुवात केली. विषय एकच, दाभोळचा वीज प्रकल्प.

त्याला कारण होतं. आम्ही मूळचे दाभोळचे. वाशिष्ठीच्या मुखाशी उत्तरेच्या काठावर दाभोळ, तालुका दापोली. समोर खाडीपलीकडे वेलदूर आणि अंजनवेल, तालुका गुहागर. अंजनवेलच्या टोकावर गोपाळगड. प्रकल्पाला नाव दाभोळचं मिळालं, पण तो उभा राहिला समोरच्या काठावर. माझी फुफी, म्हणजे अब्बांची धाकटी बहीण, दाभोळातच दिलेली. तिच्या घरची मच्छीमारीची होडी होती आणि तिच्या पडवीतून समोरचा काठ सरळ दिसायचा. त्यामुळे एकाच प्रकल्पाकडे आमच्या घरातली दोन माणसं दोन बाजूंनी बघत होती. अब्बा कल्याणच्या खांबावरून, फुफी दाभोळच्या पडवीतून.

अब्बांना आनंद झाला होता, हे कबूल केलं पाहिजे. अमेरिकेची एन्रॉन नावाची कंपनी येणार, दोन हजारांहून जास्त मेगावॉटचं केंद्र उभारणार, कोकणात नोकऱ्या येणार. "वीज अमेरिकेची असो की आपली, तारेतून सारखीच धावते," असं ते म्हणायचे. चूक नव्हतं ते. ज्याने सबंध आयुष्य फ्यूज बांधण्यात घालवलं, त्याला विजेचा तुटवडा म्हणजे काय हे कुणी शिकवायची गरज नव्हती.

वहीच्या पहिल्याच पानावर एक गोष्ट नोंदलेली आहे. कंपनीची माणसं १९९२च्या जूनच्या मध्याला भारतात आली आणि २० जूनला वीज मंडळाबरोबर सामंजस्य करार झाला. पाच दिवसांत. निविदा नाहीत, दुसरा बोलीदार नाही. एप्रिल १९९३मध्ये जागतिक बँकेनं हा प्रकल्प परवडणारा नाही म्हणून कर्ज द्यायला नकार दिला. जागतिक बँक काही डाव्यांची संघटना नव्हे. तरीही ८ डिसेंबर १९९३ला वीजखरेदीच्या करारावर सह्या झाल्या. मुंबई तेव्हा जानेवारीच्या दंगलींतून आणि मार्चच्या बॉम्बस्फोटांतून सावरत होती, मुंब्र्यात नव्यानं आलेली कुटुंबं छप्पर शोधत होती. विजेच्या कराराकडे बघायला आपल्यापैकी कुणाला सवड होती?

करार बराच काळ गुप्तच होता. पुढे पुण्याच्या 'प्रयास' संस्थेसारख्या अभ्यासकांनी त्याचा एकेक पदर उलगडला. मुलांना मी तो असा समजावला. समजा तुम्ही एक रिक्षा वीस वर्षांसाठी ठरवलीत. रोज बसा की बसू नका, ती दारात उभी आहे म्हणून भाडं द्यायचंच. भाडं रुपयात मोजायचं नाही, डॉलरला बांधलेलं. रुपया घसरला तर नुकसान तुमचं. इंधन महागलं तर तेही तुमच्या माथी. तुम्ही पैसे थकवलेत तर तुमच्या बापाच्या घरावर, म्हणजे राज्य सरकारवर, वसुली. बापानंही हात वर केले तर आजोबांवर, म्हणजे दिल्लीवर. याला म्हणतात प्रतिहमी, आणि केंद्रानं ती सप्टेंबर १९९४मध्ये दिली. भांडण झालंच तर ते कल्याणच्या कोर्टात नाही, लंडनमध्ये मिटवायचं. धाकटा भाचा म्हणाला, "असली रिक्षा कोण ठरवतं?" आपणच ठरवली होती.

फुफी शिकलेली नव्हती. तिनं करार वाचलेला नव्हता, वाचता येण्यासारखा नव्हताही. पण पहिल्यांदा ती या विषयावर अब्बांशी बोलली ते मला लख्ख आठवतं. "भाई, या खाडीतून आत आलेला कुणी आपल्या भल्यासाठी आलेला मी ऐकला नाही." अब्बा हसले होते.

ते ऐकून मी, इतिहासाची बाई, दचकले होते. कारण दाभोळ काही साधं गाव नाही. बहमनी आणि मग आदिलशाही काळातलं ते मोठं बंदर. होर्मुझ, एडन, जिद्दा इथपर्यंत त्याचा व्यापार. किनाऱ्यावरची शाही मशीद अजून त्या दिवसांची साक्ष देते. १५०८च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदा आपलं आरमार घेऊन याच खाडीत शिरला. त्याच वर्षी चौलच्या लढाईत त्याचा मुलगा मारला गेला होता. त्याचा राग त्यानं दाभोळवर काढला. शहर जाळलं, माणसं कापली, बायका-मुलंही सोडली नाहीत.

पण मला वर्गात नेहमी त्या जाळपोळीपेक्षा एका कागदाबद्दल बोलावंसं वाटे. त्याचं नाव कार्ताझ. पोर्तुगीजांना कोकणचा सगळा मुलूख घ्यायचाच नव्हता. त्यांनी समुद्र घेतला. ज्याला जहाज सोडायचं त्यानं त्यांच्याकडून परवाना विकत घ्यायचा, माल त्यांच्या नाक्यावर दाखवायचा, जकात भरायची. परवाना नसेल तर जहाज लुटायला मोकळीक. मोगलांची हाजींची जहाजंसुद्धा यातून सुटली नाहीत. एवढा बलाढ्य बादशहा, पण त्याच्या हाजींना मक्केला जायला फिरंग्यांचा कागद लागे. सुलतान आपल्या गादीवर, मशिदीत अजान चालू, बाजार भरलेला, सगळं जागच्या जागी. फक्त अटी दुसऱ्याच्या.

अमेरिकेचं परराष्ट्र धोरण समजून घ्यायला मला हा कार्ताझ फार उपयोगी पडतो. अमेरिका स्वतः साम्राज्याविरुद्ध लढून जन्मली, म्हणून तिला साम्राज्य म्हणवून घ्यायची लाज वाटते. पण १८९३मध्ये हवाई बेटांच्या राणीला पदच्युत करणाऱ्यांत तिथले अमेरिकी वंशाचे ऊस-साखरेचे धनी होते आणि त्यांच्या पाठीशी अमेरिकी नौसैनिक किनाऱ्यावर उतरले होते. १८९८मध्ये स्पेनला हरवून अमेरिकेनं फिलिपिन्स दोन कोटी डॉलरला विकत घेतलं, तिथल्या माणसांना न विचारता. त्या बेटांच्या दक्षिणेला मोरो मुसलमान राहतात. १९०६मध्ये जोलो बेटावर बुद दाजो नावाच्या डोंगरावर आश्रयाला गेलेले शेकडो मोरो, बायका-मुलांसकट, अमेरिकी सैन्यानं मारले. या सगळ्याविरुद्ध अमेरिकेतच एक साम्राज्यविरोधी संघटना उभी राहिली आणि लेखक मार्क ट्वेन तिच्या उपाध्यक्षांपैकी एक होता, हेही मुलांना सांगायला हवं. नाहीतर आपण एका अख्ख्या देशाला एकाच काठीनं हाणतो, जे आपल्याबाबत कुणी केलं तर आपल्याला लागतं.

या अनुभवातून अमेरिकेच्या राज्यकर्त्यांनी एक धडा घेतला असं मला वाटतं. जमीन सांभाळणं महाग पडतं. अटी सांभाळणं स्वस्त. क्यूबाला १९०२मध्ये स्वातंत्र्य दिलं, पण आम्हाला वाटेल तेव्हा हस्तक्षेप करू, हा हक्क तिच्या राज्यघटनेत घालायला लावून. ग्वांतानामोचा तळ तेव्हा भाड्यानं घेतला तो आजही सोडलेला नाही. फिलिपिन्सला १९४६मध्ये स्वातंत्र्य मिळालं, पण तिथल्या खाणी-जंगलांवर अमेरिकी नागरिकांना बरोबरीचा हक्क आणि लष्करी तळ ठेवून. इराणात मोसद्देक यांनी १९५१मध्ये तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं. १९५३मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेच्या हेरखात्यांनी त्यांना उलथवलं, आणि पुढच्या वर्षी तेल काढायचा जो नवा करार झाला त्यात अमेरिकी कंपन्यांना चाळीस टक्के वाटा मिळाला. कंपनीचं हित म्हणजेच देशाचं हित, ही सवय अशी जुनी आहे.

तीच सवय आमच्या खाडीवर आली. इथं सैनिक उतरले नाहीत. दाभोळच्या कंपनीत एन्रॉनचा वाटा ऐंशी टक्के, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांचा दहा-दहा. अमेरिकी सरकारच्या एक्झिम बँकेनं सुमारे तीस कोटी डॉलरचं कर्ज दिलं, ओपिक या सरकारी संस्थेनं दहा कोटींचं कर्ज आणि वर विमा. १९९५च्या निवडणुकीत एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याच्या घोषणा झाल्या आणि युतीचं सरकार आलं. लगेच जूनमध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं जाहीर इशारा दिला, की हा करार पाळला नाहीत तर इतर प्रकल्पही धोक्यात येतील. एका राज्याच्या वीज मंडळाचा करार आणि बोलतंय वॉशिंग्टन! ३ ऑगस्टला मनोहर जोशी सरकारनं प्रकल्प रद्द केला. अब्बांनी ते कात्रण चिकटवलं आणि दोन दिवस जेवणावर राग काढला. पण जानेवारी १९९६पर्यंत तोच प्रकल्प, पहिल्यापेक्षा मोठा होऊन, मंजूर झाला. मे १९९६मध्ये वाजपेयींचं सरकार तेरा दिवस टिकलं, आणि त्या तेरा दिवसांतही प्रतिहमीवर शिक्कामोर्तब करायला वेळ मिळाला.

कंपनीच्या एका अधिकारी बाईंनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सांगितलं होतं, की भारतीयांच्या 'शिक्षणा'वर कंपनीनं दोन कोटी डॉलर खर्च केले. सबंध फिलिपिन्सला पडली होती तेवढीच रक्कम. कुणाला काय शिकवलं ते कळलं नाही. आम्हा शिक्षकांच्या वाट्याला तर काही आलं नाही. फ्रँक विस्नर १९९४ ते १९९७ दिल्लीत अमेरिकेचे राजदूत होते. निवृत्तीनंतर त्याच वर्षी ते एन्रॉनच्याच एका तेल-वायू कंपनीच्या संचालक मंडळावर गेले. यात बेकायदा काही नव्हतं, आणि मला तर तेच जास्त अस्वस्थ करतं.

आता घरातली गोष्ट. ३ जून १९९७ला पहाटे पोलिसांनी वेलदूरच्या मच्छीमार वस्तीवर छापा घातला. पुरुष बरेचसे होड्या घेऊन गेलेले. दारं तोडून बायकांना बाहेर ओढलं, मारलं, अटक केली. त्यांच्यात एक गरोदर बाई होती. हे पुढे अॅम्नेस्टी इंटरनॅशनलनं आणि जानेवारी १९९९मध्ये ह्युमन राइट्स वॉचनं लिहिलं. प्रकल्पावर नेमलेल्या सरकारी पोलिसांचा खर्च कंपनी देत होती, हेही त्यात आहे. पण आम्हाला ते अहवालाआधीच कळलं होतं. फुफीनं शेजारच्या फोनवरून कल्याणला फोन केला. खाडीपलीकडच्या बायका बाजारात तिच्या शेजारी मासे विकायला बसत. ती रडत सांगत होती. आणि अब्बा, माझे अब्बा, ज्यांनी कुणाची बत्ती गुल झाली तर जेवण टाकून धाव घेतली, ते म्हणाले, "पोलीस उगाच मारतात का?"

फुफीनं फोन ठेवला. त्यानंतर चार वर्षं भाऊ-बहीण बोलले नाहीत. माझ्या मुलीच्या निकाहला फुफी मुंब्र्यापर्यंत तिच्या मुलाकडे आली, पण कल्याणला आली नाही.

मे १९९९मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि त्याच वर्षी अब्बा निवृत्त झाले. वीज आली, पण इतकी महाग की मंडळाला ती घेणं परवडेना आणि न घेणंही परवडेना. स्वतःची स्वस्त केंद्रं मंद ठेवून महागडी वीज घ्यायची पाळी आली. २०००च्या अखेरची बिलं थकली, कंपनीनं दिल्लीची हमी वठवायला काढली. एप्रिल २००१मध्ये माधव गोडबोले समितीचा अहवाल आला, तो अब्बांनी वर्तमानपत्रातून ओळ न् ओळ वाचला. २९ मे २००१ला केंद्र थंड पडलं. पुढच्याच महिन्यात सोनिया गांधी वॉशिंग्टनला गेल्या, तेव्हा अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांनी त्यांच्यापुढे एन्रॉनच्या थकबाकीचा विषय काढला. परराष्ट्रमंत्री पॉवेल यांनी त्याआधीच जसवंत सिंहांकडे काढला होता. राष्ट्राध्यक्षांच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत दाभोळसाठी वेगळा गट काम करत होता. आमच्या खाडीकाठचं एक गाव अमेरिकेच्या सुरक्षेचा प्रश्न झालं होतं! हे सगळं पुढच्या वर्षी बाहेर आलं ते अमेरिकेतल्याच पत्रकारांनी आणि लोकप्रतिनिधींनी कागदपत्रं मागितली म्हणून. आपल्या विधानसभेला मात्र साधा करार वाचायला मिळायची मारामार होती.

२ डिसेंबर २००१ला एन्रॉननं दिवाळं जाहीर केलं. रमजान चालू होता. इफ्तारनंतर अब्बांनी स्वतः दाभोळला फोन लावला. मी बाजूलाच होते. त्यांनी एवढंच विचारलं, "होडी जाते का अजून?" तिकडून फुफी काय म्हणाली ऐकू आलं नाही, पण बराच वेळ अब्बा नुसते हं हं करत होते. माफी वगैरे कुणी मागितली नाही.

मग आला तो काळ कल्याण-डोंबिवलीतल्या प्रत्येकाला आठवत असेल. भारनियमन. दुपारी वीज नाही, संध्याकाळी नाही, मुलं दहावीचा अभ्यास मेणबत्तीवर करताहेत, पंपाला वीज नाही म्हणून टाकीत पाणी नाही. आणि तिकडे खाडीवर दोन हजार मेगावॉटची यंत्रं गंज धरून उभी. २००५मध्ये परदेशी भागीदारांना पैसे मोजून तडजोड झाली, एनटीपीसी आणि गेलच्या नव्या कंपनीनं तो प्रकल्प घेतला, पुढे त्यातून थोडीफार वीजही आली. अब्बांच्या दारात मात्र लोक यायचे, "वायरमन चाचा, कधी येणार?" निवृत्त माणूस काय सांगणार? ते खुर्ची घेऊन अंधारात ओट्यावर बसायचे. वहीची शेवटची वीस-बावीस पानं कात्रणांची नाहीतच. त्यांत अब्बांच्या हस्ताक्षरात रोजची नोंद आहे, किती वाजता गेली, किती वाजता आली. आणि ३ जून १९९७चं कात्रण? ते आहे. पण छापील बाजू आत करून चिकटवलेलं.

हे सगळं मी त्या दिवशी भाच्यांना सांगितलं, तेव्हा बँकेतला म्हणाला, "म्हणजे दोष आपल्या मंत्र्यांचा. सह्या त्यांनीच केल्या." अर्धं बरोबर आहे त्याचं. कार्ताझसुद्धा आपलेच नाखवे जाऊन विकत घेत होते. पण एकाच्या हातात नुसतं पेन असतं आणि दुसऱ्याच्या पाठीशी बँक, विमा, राजदूत आणि उपराष्ट्राध्यक्ष असतात, तेव्हा सही कुणी केली हा प्रश्न तेवढ्यावर संपतो असं मला वाटत नाही. दुसरा भाचा, काडीवाला, खूश होऊन माझ्याकडे बघत होता. त्याला म्हटलं, तूही फार खूश होऊ नकोस. वेलदूरच्या बायकांना ओढणारे हात अमेरिकन नव्हते, आणि त्यांची बाजू जगाला सांगणाऱ्या संस्थांपैकी एक न्यूयॉर्कची होती.

निघताना बँकेतल्यानं वही मागितली. मी दिली, पण सांभाळून वापर म्हणाले. खळ जुनी झाली आहे, पानं सुटतात. आठवड्यानं रात्री त्याचा फोन आला. "खाला, ते पाच दिवसांचं खरं आहे?"

"खरं आहे."

"आमच्या ऑफिसात एक खुर्ची बदलून घ्यायची तर तीन आठवडे लागतात," तो म्हणाला. मग जरा थांबून विचारलं, "फुफीनानींना हे सगळं आठवत असेल का अजून? मे महिन्यात दाभोळला जाऊ या?"

वही अजून त्याच्याकडेच आहे.